वाटाड्याचं वय

"यंदा कानाजवळ थोडं पांढरं कर," सोनाबाई म्हणाल्या. "चाळिसावं लागलं की त्याला."

सिद्धूने कागदावरच्या वाटाड्याच्या कानशिलावर पेन्सिल फिरवताना चार रेघा मोकळ्या सोडल्या.

"लई केलंस. म्हातारा दिसाय लागला."

"काकू, चाळिशीत होतात एवढे. माझे बघा की."

"तू कलप लावत न्हाईस. त्यो लावत असंल. नटायची हौस हाय त्याला."

सिद्धूने दोन रेघा पुन्हा काळ्या केल्या.

शुक्रवार पेठेतल्या या माडीवर दर साली गणपती उठले की हेच चाले. दिवाळीला वाटाड्याच्या चित्रकथेचा नवा अंक निघायचा. हरवलेल्या माणसाला पाठीवर घेऊन त्याच्या उंबऱ्याशी आणून सोडणारा वाटाड्या पोरांचा फार लाडका. त्याला चेहरा सिद्धूने आपल्या मित्राचा दिला होता, सयाजीचा. करमाळ्याला जाऊन येतो म्हणून गेलेला सयाजी परत आला नाही, त्याच साली पहिला अंक निघाला. चित्रकथेतले वीर म्हातारे होत नसतात, असं छापणाऱ्याने सांगून पाहिलं. पण सयाजीची आई गावाहून एसटीने यायची, शेजारी बसायची आणि वर्षाचं वय चढवून घ्यायची. एका साली गाल बसवले, एका साली कपाळाला आठी घातली. गेल्या साली मिशी भरघोस झाली.

यंदा त्यांच्याबरोबर सून आली होती. अंबिका दारालगत बसून होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"भाऊजी, आता तुमीच सांगा आत्यांना," ती म्हणाली. "बारा वर्सं झाली. गुरुजी म्हणत्यात, सर्वपित्रीला पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आन् अग्नी द्यायचा. त्याबिगर त्यांना पाणी पोचत न्हाय."

"हिच्या भावांनी शिकवलंय हिला," सोनाबाई सिद्धूला म्हणाल्या. "दुसरं लगीन लावायचं असंल."

"कुणाचं लगीन, आत्या? कुंकू लावलं की गावातल्या बाया बघत्यात. न्हाय लावलं की तुमी बघता. हळदीकुंकवाला कुणी बलवत न्हाय, आन् रांडाव म्हणून कुणी सोडत बी न्हाय. मला काय तरी एक करून टाका."

"दर दिवाळीला समोर येतुया माझ्या. जित्या माणसाला जाळू व्हय?"

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. सोमवार होता, तोंडात पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. सयाजी घरी येईपर्यंत धरलेला सोमवार.

अंबिका उठली. पिशवीतून तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पहिला अंक काढला आणि सिद्धूच्या ताज्या कागदाशेजारी ठेवला.

"बगा."

एकीकडे अरुंद हनुवटीचा, हडकुळा, हसरा पोरगा. दुसरीकडे रुंद जबड्याचा, दाट भुवयांचा, मिशीवाला गृहस्थ.

"वयानं बदलतंय माणूस," सोनाबाई म्हणाल्या.

"कान बी बदलत्यात? ह्यांचं कान सुपासारखं पुढं आल्यालं. तुमीच चिडवायचा. आन् ह्याचं बगा, डोक्याला चिकटल्यालं हायती."

सोनाबाईंनी सिद्धूकडे पाहिलं. "कान कवा बदललंस रं तू?"

"तुम्हीच सांगितलं होतंत, काकू. चौथ्या का पाचव्या अंकाला. असे नव्हते म्हणालात." त्याने मान खाली घातली. पहिला अंक आपणही त्यानंतर उघडला नाही, हे त्याला आत्ता आठवलं.

"घरात भिंतीवर फोटो एकट्या मामंजींचा हाय," अंबिका हळू आवाजात म्हणाली. "ह्यांचा तुमी लावू दिला न्हाय. जित्या माणसाचा लावत न्हाईत म्हणला. मग ट्रंकेत ठिवला. मी काढला तरी तुमी वरडता."

सोनाबाईंनी ताजा कागद उचलला आणि खिडकीपाशी नेला. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. बोटाने मिशी झाकली, पुन्हा बोट काढलं. भुवया झाकल्या. मग त्यांचा हात आपसूक खांद्यावर गेला आणि त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला, नवरा अंगणात आला की घ्यायच्या तसा.

खालच्या गल्लीत भांडीवाला भाव करत होता.

कागद त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. पहिला अंक उचलला, त्यातल्या पोराच्या कानावरून अंगठा फिरवला आणि सुनेकडे पाहिलं.

"असा होता?"

"व्हय, आत्या."

"तुला सगळा ध्यानात हाय?"

अंबिकाने अंकातल्या पोराकडे पाहिलं. "कान हायती," ती म्हणाली. "आवाज न्हाय आता."

सोनाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. सिद्धू पाणी आणायला उठला, मग उपास आठवून तिथेच थांबला.

"पुतळा पळसाच्या पानांचा म्हणालीस," त्यांनी विचारलं. "तोंडाच्या जागी काय ठेवत्यात?"

"नारळ."

"कोरा?"

"व्हय."

सोनाबाईंनी मान हलवली.

"बरं हाय," त्या म्हणाल्या.