आधी मोठ्यांची नावं

हेलमुटने फाटकाचं कुलूप काढलं आणि आल्बर्टिना आत्या पायघोळ झग्याचा घेर सावरत आत शिरली. मागून तिची भाची काउना. तान्ही लेक तिच्या पाठीला बांधलेली.

"कुलूप नवं दिसतंय," आत्या म्हणाली.

"जुनं तुझ्या भावाने तोडलं."

"आधी किल्ली मागितली होती त्याने. तुझ्याकडेच."

हेलमुट कसनुसं हसला. दोघं याच रानात वाढलेली. तो मालकाच्या घरात, ती गड्यांच्या झोपड्यांत. तिच्या लोकांची हेरेरो भाषा तो तिच्याइतकीच सफाईने बोलायचा.

"पुढच्या महिन्यात रान विकतोय, टीना. नवा मालक शिकारीला पाहुणे आणणार. तो काही तुम्हाला आत सोडायचा नाही. आज या म्हटलं ते म्हणून. पण मी सोबत येतो, आत बिबटे आहेत."

"ये की. कबरीशी येणाऱ्याला कोण नको म्हणतं?"

काटेरी झुडपांमागे दगडांची रास होती. राशीखालची सगळी माणसं जर्मन फौजेशी लढाई झाली त्या एका वर्षात गेलेली. काउनाचे पणजोबा त्यांत होते. लेक झाल्याचं त्यांच्या कानावर घालायचं, तेवढ्यासाठी ती विंडहुक शहरातून आली होती. नाहीतर पोरीच्या पाठीशी उभं कोण राहणार?

आत्या जरा लांबच गुडघ्यांवर बसली. हाक घालून तिने आपलं नाव सांगितलं, बापाचं, आज्याचं. मग मागे वळली.

"बस खाली, हेलमुट. तुझं सांग."

"माझं कशाला? बाळाचं सांग ना."

"आलेल्या प्रत्येकाचं सांगतात. आधी मोठ्यांचं. तुझं झाल्याबिगर पोरीची पाळी यायची नाही. या जमिनीवर पहिला कोण आला, तिथपर्यंत सांग."

हेलमुटने टोपी काढली. गुडघे टेकले. आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. आजोबांपाशी थांबला. आजोबांनी त्याला पुढ्यात घेऊन घोड्यावर बसायला शिकवलं होतं. आजोबा या मुलखात आले ते त्या फौजेबरोबर.

बाळ किरकिरलं. काउनाने त्याला पुढे घेतलं, पदराखाली धरावं तसं शालीखाली धरलं, आणि वाट पाहत राहिली.

हेलमुट आजोबांचं नाव पुटपुटला.

"मोठ्याने," आत्या म्हणाली. "ते ओळखतात त्याला."