टरफलांवरून चालणे

प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गात दमलेल्या बाईंनी फळ्यावर वाक्प्रचार लिहिला. "अंड्यांच्या टरफलांवरून चालणे. म्हणजे समोरचा कधी भडकेल या धाकाने जीव मुठीत धरून वागणे."

"म्हणजे सासूबाईंशी बोलणं!" कुणीतरी म्हणालं. वर्ग खदखदून हसला. बाईंनाही हसू आवरेना.

तेवढ्यात त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. भिंतीकडे तोंड करून त्या हळूच म्हणाल्या, "हो, निघालेच. नाही हो, वर्गातल्या बायका हसत होत्या. मी नव्हते."

फोन ठेवून बाई घाईघाईने फळा पुसू लागल्या. पहिल्या बाकावरच्या शिवणकामवाल्या मावशी उठल्या. बाईंच्या हातातलं डस्टर काढून घेत म्हणाल्या, "बाई, माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. कडी आतून लागते."