मोठा भोपळा

वऱ्हाड नागपूरला जोडलं त्या साली उकंडराव पाटील पूर्णेचा पूर पोहून पार झाले, ही गोष्ट गावातल्या कुत्र्यामांजरांनाही पाठ होती, कारण सांगणारे स्वतः पाटीलच होते. अशा वाघाच्या पोटी शेषरावसारखं भित्रं पोट्टं निपजलं. पाणी पाहिलं की तो चार पावलं मागे सरे आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की दातखीळ बसे. नांदुऱ्याच्या मास्तरांनी उन्हाळ्याच्या सुटीत पायऱ्यांच्या विहिरीवर पोहण्याचं शिबिर काढलं, तसं पाटलांनी त्याला महिनाभर तिकडे धाडून दिलं. पाठीला बांधायचे वाळले भोपळे त्याच्या मायनं दिले.

शेवटच्या दिवशी पाटील अर्धं गाव घेऊन विहिरीवर हजर झाले. शेषरावनं भोपळा न बांधता वरून उडी टाकली आणि विहिरीत दोन चकरा मारल्या. पाटलांनी मिशीला पीळ दिला.

"शेवटी रगत कोनाचं हाये," ते म्हणाले.

"पोरगं तयार झालं, पाटील," मास्तर म्हणाले. "पन यानं दोन भोपळे आनले. लहान बांधून शिकला. मोठा कोनाचा, हे मी महिनाभर इचारून राह्यलो, तर सांगतच नाई."

शेषराव ओलाचिंब वर आला. त्यानं मोठा भोपळा उचलून बापापुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"हा तुमचा हाये, बाबा, पूर्णेच्या पुरात पाठीला बांधलेला. मायनं पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं, पन तवा मले बोलाची हिंमत नोती."