मधातलं डोकं

प्रेरणानं आणखी एक बटाटा सोलून बांबूच्या कामटीला टोचला, तेव्हा नंदाबाईचं डोकंच फिरलं. रात्रीच्या भाजीचे बटाटे होते ते! आधीचे दोन बाप-लेकीच्या भांडणात अंगणातल्या मातीत लोळले होते.

खोटं कशाला बोला, राग बटाट्यांचा नव्हताच. पोरगी दहावी चांगली पास झाली, नागपूरच्या कॉलेजात सायन्सला नंबर लागला, होस्टेलही मिळालं. उद्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. आणि ऐन वेळी तिच्या बापानं, दुधरामनं, खुसपट काढलं, "चांद काऊन कमी-जास्त होते ते मले समजावून दे. समजलं तं जाय." तेव्हापासून समजायचं नाव नाही. धानाच्या काट्यात पावभर फरक पडला तर व्यापाऱ्याची मानगूट धरणारा हा माणूस, घरात नुसता दगड झाला होता.

"बाबा, हा चांद. तुमचं डोकं म्हंजे धरती. सूर्य तो तिकडं बुडून राहिला. आता हात लांब धरून जागच्या जागी फिरा."

दुधराम सूर्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या डोक्याची सावली नेमकी बटाट्यावर पडली. "झाली अमावस! धरतीची सावली पडते, चांद कमी होते. मी तं आधीच म्हनलो."

"ते गरहन झालं बाबा! रोज थोडीच पडते सावली? आता बाजूनं धरा. अर्धा दिसते ना? आता कोनाची सावली हाय त्याच्यावर?"

"असंल कोनाची तरी."

पालथ्या घड्यावर पाणी! प्रेरणा पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. सूर्य चांदाचं अर्धं अंग नेहमीच उजळतो. त्यातलं कधी सगळं आपल्याकडं येतं, कधी नुसती फोड. सांगता सांगता तिचा आवाज रडवेला झाला. दुधराम पुन्हा पाठ करून उभा. बटाटा पुन्हा काळा.

"सावलीच हाय."

नंदाबाईनं पळी आपटली. नवऱ्यापुढे आवाज चढवायची तिला सवय नव्हती. आज चढला.

"अजी, तुमचं डोकं काढा ना मधातून! उजेड अडवून राहिले तुम्ही!"

आपण बटाट्याबद्दल बोललो की पोरीबद्दल, हे तिचं तिलाच कळेना. प्रेरणानं मान खाली घातली.

मग दुधराम हळूच वळला. डोक्यावर, जरा दक्षिणेला, अष्टमीचा चांद दिवसाउजेडीच निघालेला होता. दुधरामनं हात वर केला आणि बटाटा बरोब्बर चांदाच्या शेजारी धरला. वर अर्धा चांद, शेजारी अर्धा बटाटा. दोघांचीही उजळलेली बाजू सूर्याकडे. हे तर प्रेरणानंही त्याला सांगितलं नव्हतं.

ती पाहतच राहिली. "बाबा, तुम्हाले समजलं?"

"पहिल्याच बटाट्यात समजलं होतं," कामटी तिच्या हातात देत तो म्हणाला. "समजलं म्हनलो असतो, तं तू गेली असती ना."