लाईट नसलेले दिवस

रोज धाप लागली की नाही ते वहीत मांडायचं आणि त्या दिवशी घरात काय काय झालं तेही लिहायचं, असं डॉक्टरांनी द्वारकाबाईंना बजावलं होतं. त्यांच्या सुनेने, शालनने, उदबत्ती बंद केली, डासांची कॉइल फेकली, गोधड्या उन्हात घातल्या. तरी म्हातारीची छाती भरायचीच.

आज शालनने महिन्याची वही चाळली. सुखाचे दिवस चारच निघाले, आणि चारही दिवशी गावात लाईट नव्हती.

पुढच्या खोलीत तिची मिरची कांडपाची मशीन दणदणत होती. घर तिच्यावरच चाललं होतं.

"आत्याबाई, मशीन बंद करते."

"आणि खायचं काय? जा, बायका खोळंबल्यात."

शालन उठेपर्यंत म्हातारीने नाकाला पदर लावून आतल्या खोलीत जाऊन दाराला कडी घातली होती.