उपरण्याखालचा हात

“बोल, तोंड उघड,” पोलीस जमादार तिसऱ्यांदा म्हणाला आणि सुपडूने तिसऱ्यांदा मान खाली घातली.

धानोऱ्याच्या बैलबाजारात सौदे थांबले होते. लिंबाखाली माणसांचं रिंगण पडलं होतं. एका बाजूला पदर पुढे ओढून जमनाबाई उभी होती. नवरा गेल्यावर तिच्या नावावर उरलेली एकुलती एक बैलजोडी आठ दिवसांपूर्वी तिच्या जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, रतिलालच्या गोठ्यातून चोरीला गेली होती. गुजरातकडच्या व्यापाऱ्याने ती ह्याच बाजारात घेतली होती आणि मधला दलाल होता सुपडू.

आता दलाल म्हणजे गळा हवा. बाकीचे दलाल सकाळपासून ओरडून ओरडून दुपारी ताक मागत फिरायचे. सुपडू मात्र बाजारभर चार शब्द बोलला तर पुष्कळ. गर्दीने त्याचा जीव घाबरा व्हायचा, कुणाच्या डोळ्यांत पाहायची तर त्याला चोरी. बाजार उठला की तापीकाठी तासभर एकटा बसायचा, तेव्हा कुठे त्याला बरं वाटायचं. “बिनतोंडाचा दलाल” अशी त्याची थट्टा व्हायची.

तरी त्याचा धंदा चांगला चालायचा. कारण बैलाचा भाव तोंडाने ठरतच नाही. दलाल उपरणं टाकतो, त्याखाली हात धरतो आणि बोटं दाबून आकडा कळतो. बाहेरच्याला पत्ता लागत नाही. सुपडू खाली पाहायचा आणि फक्त हात ऐकायचा. भाव उतरवण्याआधी कुणाचा तळवा भिजतो, कुणाचं करंगळीचं पेर वळत नाही, हे त्याला घरच्या माणसासारखं माहीत होतं. ती जोडी विकणाऱ्याचा हात तर विसरण्यासारखा नव्हताच. प्रत्येक आकड्यानंतर त्या माणसाने अंगठ्याचं नख दोनदा तळव्यात रुतवलं होतं, घाई असल्यासारखं.

“कोण होता विकणारा?” जमादाराने विचारलं.

“धुडकू, खापरना, असं बोलना,” सुपडू कसाबसा म्हणाला.

“खापर गावात धुडकू नावाचा कुणी नाही. दिसायला कसा होता?”

“पहाट व्हती, थंडी व्हती. तोंडले फडकं व्हतं. घसाबी बसेल व्हता. तोंड मी दखं नई.”

“रोज माणसं पाहणारा तू, आणि तोंड पाहिलं नाहीस?”

सुपडूने खांद्यावरच्या उपरण्याचं टोक पिळलं. आपण कुणाचंच तोंड पाहत नाही, हे ह्या माणसाला कसं समजवायचं? गप्प राहावं तर चोरीतला भागीदार ठरतो.

“मुका मानूसना पोटमा काय शे, कोन जाने!” रतिलाल मोठ्याने म्हणाला. गुजर पाटलाचा खडा आवाज, पंचक्रोशीत वजन. भावजयीसाठी आठ दिवस तोच पोलिसांकडे खेपा घालत होता. “साहेब, आनखी काय इचारतस? गोठामा हाऊ झिपरूच झोपे. त्यानाबिगर कोन?”

झिपरू त्याचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. दोन शिपायांच्या मध्ये उकिडवा बसला होता. ओठ सुजला होता.

“मी नई ईकात, दादा,” तो सुपडूकडे पाहून म्हणाला. “मन्हा पोऱ्यास्नी आन.”

‘हाच विकणारा’ म्हणून सुपडूने नुसती मान हलवली असती तर तो स्वतः सुटला असता. होकाराची एक मान. त्याला त्या क्षणी तेवढंच हवं होतं, आणि तेवढंच जमेना.

“साहेब,” तो म्हणाला, “हात वळखसू.”

रिंगण खदाखदा हसलं. रतिलाल सगळ्यांत जास्त. “हातवर काय नाव लिखेल ऱ्हास का?”

जमादार हसला नाही. त्याने उपरण्याकडे बोट केलं. “घे. पण सापडला नाही तर बेडी तुला.”

आधी झिपरू. त्याच्या तळव्याला घट्टे होते; सुपडूने त्याला आकडा दाबायला लावला, पण नख कुठे रुतलं नाही. सुपडूने मान हलवली. नाही. मग त्या दिवशी बाजारात असलेले एकेक जण आले. नाही. नाही. दहाव्या माणसानंतर हसू थांबलं होतं आणि जमादाराने शिपायाकडून बेडी मागून घेतली होती. जमनाबाई खाली बसली.

सुपडूला वाटलं, आपण मूर्खपणा केला. जन्मभर हातांवर भरवसा ठेवला आणि आज त्याच हातांनी आपल्याला तुरुंगात घातलं.

तेवढ्यात रतिलाल पुढे आला. सुपडूच्या खांद्यावर थाप मारून त्याने स्वतःच उपरण्याखाली हात सारला.

“ले, मन्हाबी देख,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मांगून लोके बोलाले नको.”

आणि उपरण्याखाली त्याची बोटं काही वेगळंच बोलू लागली. पाच. पुन्हा पाच. पाचशे, हजार, बैलाच्या बाजारात कुणी न ऐकलेला भाव. वर त्याचे डोळे हळूच झिपरूकडे वळले. सौदा साधा होता. झिपरूकडे बघून एक मान हलव, पैसे घे आणि घरी जा.

बेडी चार हातांवर होती.

उत्तराची वाट पाहून रतिलालचा धीर सुटला. त्याच्या अंगठ्याचं नख सुपडूच्या तळव्यात रुतलं. एकदा. मग पुन्हा एकदा.

सुपडूने ते मनगट घट्ट धरलं. जन्मात पहिल्यांदा मान वर करून त्याने समोरच्या माणसाचं तोंड नीट पाहिलं, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “जमादारसाहेब, हाऊच तो हात.”