घरच्यासारखी सोय

घोलवडच्या आमच्या होमस्टेच्या पाटीवर 'घरच्यासारखी सोय' असं मी स्वतः रंगवलंय. शनिवारी मुंबईचे पाहुणे आले की मुलांची खोली त्यांना देतो, मुलं ओटीवर गादी टाकून झोपतात.

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर मुलांना म्हटलं, चला, आता आपण पाहुणे होऊ. "नवसारीला कोण फिरायला जातं?" म्हणत बायको हसली, पण तिथलं हॉटेल परवडणारं होतं, म्हणून गेलो.

खोलीत शिरताच प्रितमने पलंगावर उडी मारली. सहा वर्षांच्या मयुराने मात्र आधी कपाट उघडून पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि किल्ली द्यायला आलेल्या मॅनेजरला हळूच विचारलं,



"काका, तुमची मुलं आज कुठे झोपणार?"